माईकवरून दिलेली माफी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का, की अजून पाहुणे आले की मुद्दाम खोकतात? (माझा याबाबतचा संशय तुला ठाऊक आहे. गेल्या खेपेला मी आतल्या खोलीत पडलो होतो तेव्हा अर्धा तास चिडीचूप, आणि मी बाहेर येताच ठसका.) आम्ही इकडे सगळे मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. हे पत्र मी छापखान्यात, माझ्या टेबलावर, दार लोटून लिहितो आहे आणि पाकीट स्वतःच्या हाताने पोस्टात टाकणार आहे. पाकिटाची कड उचकटलेली दिसली तर ताबडतोब कळव.

विषय तुझ्या लेकीचा आहे. घाबरू नकोस, तब्येत उत्तम आहे, जेवते व्यवस्थित, फक्त माझ्याशी बोलत नाही. आज आठवा दिवस. दोन वर्षांपूर्वी तू तिला माझ्या हवाली केलीस, तेव्हा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी साधी मुलगी म्हणून केलीस. रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून बावीस पुरुषांना पळवण्याचं वेड तिला आहे, हे तू लपवलंस. (की तुलाही ठाऊक नव्हतं? मला वाटतं ठाऊक होतं.) मी काही बोललो नाही, कारण मैदानावर माझंही एक स्थान आहे. गेली अकरा वर्षं या गावातल्या कामगार लीगच्या प्रत्येक सामन्याचं धावतं वर्णन माईकवरून मीच करतो. मी छापखान्यातला मुद्रितशोधक असलो आणि आमच्या छापखान्याचा संघ लीगमध्ये असला, तरी माझ्या तटस्थपणाबद्दल आजवर आमच्या संघातल्या कुणीही तक्रार केलेली नाही.

तर अंतिम सामना. आम्ही विरुद्ध बर्फाचा कारखाना. नेमलेला रेफरी सकाळी घराच्या पायरीवरून घसरला आणि त्याच्या जागी तुझी लेक आली. आता तूच सांग, त्याच पायरीवरून तो माणूस वीस वर्षं उतरतो आहे, त्याच दिवशी बरा घसरला! मला तेव्हाच वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. त्यात उपांत्य सामन्यानंतर तिचा पाय मुरगळला होता तेव्हा बर्फाची पिशवी कुणी आणून दिली होती? बर्फ कारखान्याच्या गोलकीपरने. (तुझी भावजय म्हणते, बर्फ कारखान्याचा माणूस बर्फ नाही देणार तर काय शाई देणार? तिला माणसांची पारख नाही.) शिवाय एक बारीक मुद्दा असा की मामाच्या संघाची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून ही पोरगी मामाच्या संघावरच जास्त करडी नजर ठेवणार. म्हणजे ती प्रामाणिक असली तरी आमचं नुकसान, आणि नसली तरी आमचंच. नाणं उडवलं तेही मी दुर्बिणीतून पाहिलं. नाणं ठीक होतं.

विसाव्या मिनिटाला आमच्या भिंतीला पहिलं पिवळं कार्ड मिळालं. भिंत म्हणजे बाइंडिंग खात्यातला आमचा मधला बचावपटू. अंगापिंडाने असा की त्याच्या मागे उभं राहिलं तर गोल दिसत नाही. त्याने समोरच्याचा शर्ट धरला होता, हे खरं. पण किती हळू धरला होता! मग तिसाव्या मिनिटाला खरा चमत्कार झाला. बर्फवाल्यांनी आमच्या एकाला पाडलं, तुझ्या लेकीने शिट्टी न वाजवता दोन्ही हात पुढे पसरले आणि खेळ चालू ठेवला. आता हात पसरणं म्हणजे काय? सोडून दिलं, झालं गेलं विसरून जा, असा त्याचा अर्थ मी अकरा वर्षं लोकांना सांगत आलो आहे. पण चेंडू बाहेर गेल्यावर ही बाई चाळीस पावलं मागे चालत गेली आणि त्या पाडणाऱ्याला पिवळं कार्ड दाखवून आली! मी माईकवर म्हणालो, रेफरीबाईंना उशिरा सुचलेलं शहाणपण. लोक हसले. आता तू म्हणशील, निर्णय तर तुमच्या बाजूचा होता. तेच तर! आपल्या बाजूने असा न मागता निर्णय मिळाला की समजावं, पुढे काहीतरी मोठं काढून घ्यायची तयारी चालली आहे.

आणि तसंच झालं. ब्याऐंशीवं मिनिट, दोन्हीकडे शून्य. भिंतीने मैदानाच्या मध्यावर त्यांच्या एकाला आडवा पाय घातला. (घातला. मी दुर्बिणीतून पाहिलं.) पण चेंडू घरंगळत पुढे त्यांच्या फॉरवर्डकडे गेला आणि त्याच्यासमोर फक्त आमचा गोलकीपर उरला. तुझ्या लेकीने पुन्हा हात पसरले. भिंत बिचारा कमरेवर हात ठेवून जागीच उभा राहिला होता, आपलं काही खरं नाही हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. माझ्याने राहवलं नाही. मी माईकवरून ओरडलो, सोडलं रे, सोडलं, रेफरीबाईंनी माफ केलं, भिंत, पळ मागे! आणि तो पळाला, ताई. एवढा मोठा माणूस इतका जोरात पळताना मी कधी पाहिला नव्हता. फॉरवर्डचा फटका आमच्या गोलकीपरने हाताने परतवला, चेंडू समोर पडला, आणि भिंतीने तो लाथेने उचलून थेट रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात धाडला. मैदान नुसतं दणाणलं.

त्या दणदणाटात शिट्टी वाजली. तिने भिंतीला दुसरं पिवळं दाखवलं, लगोलग लाल दाखवलं, आणि जिथे त्याने चेंडूला पाय लावला त्या जागी, म्हणजे आमच्या गोलच्या तोंडाशी, बर्फवाल्यांना फ्री किक दिली. वर एक हात उंच धरून उभी राहिली. (मी माईकवर सांगितलं, रेफरीबाई बहुधा मदत मागत आहेत. नंतर कळलं, थेट गोल मारता येणार नाही, आधी दुसऱ्या कुणाचा स्पर्श व्हायला हवा, याची ती खूण आहे.) भिंत हात जोडून तिला सांगत होता, "अहो ताई, माईकवर सोडलं म्हणाले ना!" त्यावर ती म्हणाली, "शिट्टी माझ्याकडे आहे, माईककडे नाही." त्यांच्यातल्या एकाने चेंडू हलकेच सरकवला, दुसऱ्याने ठोकला, आणि आमचं वर्षभराचं ओमफस झालं.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा मी माईकवरून म्हणालो की आधी माफ करायचं आणि मग फासावर द्यायचं, हा कुठला न्याय, यामागे कोण आहे हे लोकांनी ओळखावं. लोकांनी लगेच ओळखलं. सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीबाहेर शंभरेक माणसं जमली. तुझी लेक आत एकटी होती, आणि दाराला आतून कडी नव्हती, म्हणून तिने बाक ओढून लावला होता. मी माईकची वायर गुंडाळत होतो. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत पांगतील. पाऊण तास लागला. शेवटी लाल कार्ड मिळालेला भिंतच दारात आडवा उभा राहिला आणि त्याने तिला रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं. ते काम माझं होतं, ताई. त्या गर्दीत मी गेलो नाही याची मला लाज वाटते.

घरी आल्यावर तिने जर्सी धुतली, दोरीवर टाकली, खोलीत गेली आणि नियमांची पुस्तिका आणून माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवली. मी वाचलं. ज्यांचा माणूस पाडला त्यांना फायदा देऊन खेळ चालू ठेवला तरी ताकीद, म्हणजे पिवळं कार्ड, माफ होत नाही, खेळ थांबला की द्यायचीच. आणि ज्याला आधीच एक ताकीद मिळाली आहे, त्याने मधल्या वेळात चेंडूला पाय लावला, तर तिथेच खेळ थांबवून त्याला बाहेर काढायचं आणि समोरच्यांना फ्री किक द्यायची. म्हणजे तो जागीच उभा राहिला असता तर लाल कार्ड मिळालंच असतं, पण ती फ्री किक झाली नसती. मला अर्थातच संशय आला. मी म्हणालो, ही छपाईची चूक असणार, असलं काहीतरी छापणारा छापखाना तरी कोणता आहे बघू. तिने शेवटचं पान उलटलं. छापखाना आमचा होता. मुद्रितशोधन, मी. तीन वर्षांपूर्वी ही अख्खी पुस्तिका मी तीनदा वाचली होती, आणि याच पानावरच्या एका स्वल्पविरामावरून कंपोझिटरशी दोन दिवस भांडलो होतो. स्वल्पविराम आता योग्य जागी आहे.

तेव्हापासून ती रोज कामावरून आली की एका फायलीत काहीतरी लिहिते, आणि मी खोलीत शिरलो की फाइल मिटते. तो सामन्याचा अहवाल आहे, हे मी ओळखलं आहे. त्यात माझ्याविरुद्ध असणारच. लीगवाले माझा माईक काढून घेतील. घेऊ देत, मला काही फरक पडत नाही. (पडतो.) भाऊजींना नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : वरचं सगळं बाजूला ठेव. मुद्दा हा की तुझी लेक आमचं घर सोडून नोकरदार मुलींच्या वसतिगृहात जायचं म्हणते आहे. फॉर्म मी तिच्या टेबलावर पाहिला. (सहज. टेबल पुसत होतो.) त्यावर पालकाची सही लागते आणि तो तुझ्याकडे टपालाने येईल. सही करू नकोस. पण सरळ नाही म्हणू नकोस, तिला संशय येईल. चष्मा फुटला म्हण, भाऊजी गावाला गेलेत म्हण. ती गेली तर तुझी भावजय मला जेवायला वाढेल, पण आत्ता वाढते तसं नाही वाढणार.

ता. क. दुसरा : तुझी भावजय म्हणते, बहिणीला कसले कागद पाठवता, समोर बसून पोरीची माफी मागा. मी माफीचा मजकूर लिहिला आहे. तीनदा तपासला. चूक एकही नाही, पण वाचून दाखवायची वेळ आली की मी चौथ्यांदा तपासायला बसतो.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार एवढ्यात लीगचा कारकून वार्षिक पुस्तिकेचा मजकूर टाकून गेला. त्यात अंतिम सामन्याचा अहवाल होता, तुझ्या लेकीच्या सहीचा, कालच्या तारखेचा. या वेळी मी स्वल्पविराम पाहिले नाहीत, नुसतं वाचत गेलो. कार्डांची मिनिटं, गोलचं मिनिट, गर्दीबद्दल एक ओळ. आणि शेवटी, जसंच्या तसं उतरवतो: 'माईकवरून चुकीची सूचना गेल्याने खेळाडूचा गैरसमज झाला. उद्घोषक माझे सख्खे मामा आहेत. त्यांचा माईक काढू नये, त्यांना नियम शिकवण्याची जबाबदारी मी घेते. उद्घोषकाला ताकीद देण्याची तरतूद नियमांत नाही, म्हणून ती घरी देण्यात येईल.'

घरी लिहिलंय, ताई. मी ते चार वेळा वाचलं, आणि देवाशप्पथ सांगतो, त्यात मला कसलाही संशय आला नाही. मजकुरावर एकही खूण न करता छपाईला सोडला आहे. आता पत्र टाकतो आणि आज जरा लवकरच घरी निघतो.