डावीकडचं घुंगरू

१ फेब्रु., रवि
काळा इयरफोन बी परत पाठवला. दिवाळीपासनं तिसरा.

डबा देखणा, वायर वेणीसारखी विणलेली, आवाज मात्र पाण्याच्या टाकीत डोकं घातल्यासारखा. उजवा जरा तरी बोलतो. डावा मेलेला. माझं पारखायचं गाणं ठरलेलं आहे, आईच्या आवडीचं, जुनं. सुरवातीला डावीकडून घुंगरू, मग उजवीकडून ढोलकी. घुंगरू नाही आलं की इयरफोन बाद. काळ्यात घुंगरू नाहीच, कोणीतरी लांब गोणपाट झाडतंय नुसतं. दोन वर्षांपूर्वी करमाळ्याहून इथं जासईला आलो तेव्हा फुटपाथवरच्या दीडशेच्या सेटमध्ये बी यायचं. आता चांगला माल काढायचाच बंद केलाय हरामखोरांनी.

एक स्टार दिला. लिहिलं, डावी बाजू मेलेली, कोणी घेऊ नका.

दत्ताला हसू येतंय. खोलीत आम्ही दोघंच, तो माणगावचा, माझ्याच कंटेनर यार्डात वेल्डर. मोबाईलबरोबर फुकट आलेला सेट सहा वर्षं वापरतोय. त्याच्या इयरफोनला कानातला मळ धरलाय, पिवळा, दगडासारखा. बघून भाकरी खाली उतरेना.

३ फेब्रु., मंगळ
दिवसभर चाळीस फुटी कंटेनरच्या डब्यात. आत भट्टी. डावा खांदा पत्र्याला टेकवायचा, उजव्या हातानं हातोडा. पोचा आलेला पत्रा सरळ करायचा, बाहेरून दत्ता ग्राइंडर मारत असतोच. संध्याकाळी अंघोळ करून नाक शिंकरलं तर काळं. जासईचं पाणी बी असलं की साबणाला फेस येत नाही.

रिव्ह्यूवाले म्हणतात, रबर काढा, फोम लावा, बेस फुलतो. फोमची जोडी बघितली. इयरफोनच्या निम्मी किंमत. डुकरं नुसती.

मग डोकं चाललं. यार्डात सेफ्टीचे पिवळे बोळे फुकट मिळतात कानात घालायला. तेच की फोम. वेल्डिंग रॉडची तार घासून बारीक केली, तापवली, बोळ्याच्या मधोमध भोक पाडलं, इयरफोनच्या नळीवर चढवलं. फिट्ट. वास मात्र चप्पल जळाल्यागत. दत्ता शिव्या देत बाहेर जाऊन बसला.

कामावर बोळे तसे बी कोण घालतंय. घाम आला की आत खाजतंय, आणि मला तर चालतच नाही. मी पत्रा ठोकून सांगतो, इथं आतून गंज, इथं कोणीतरी पुट्टी भरून वरून रंग मारलाय. डबे तपासणारा सर्वेवाला बी येऊन मला विचारतो. नववी नापास आहे, पण पत्रा काय बोलतो ते ह्या यार्डात मला कळतं. कान बुजवला तर खाऊ काय.

७ फेब्रु., शनि
बोळा तीन दिवस टिकतो, मग कडक. स्टोअरमधून रोज एक जोडी उचलतो. वहीत सही करायची, झालं. बाकीचे बी कधीमधी मिळालेली जोडी मलाच देतात. पुडकं भरलं.

८ फेब्रु., रवि
पनवेलला जाऊन चांदीच्या रंगाचा घेतला. दुकानात गर्दी, नीट ऐकता येईना. दुकानदार म्हातारा, कानावर केस, म्हणाला ह्या किमतीत ह्याच्यावर दुसरा नाही.

खोलीवर येऊन लावला. बेस चांगला. ढोलकी अशी की चामडं दिसावं. बाईचा आवाज मात्र तोंडात पान असल्यागत, स आणि श कुठं गेले कळेना. घुंगरू नाही. डावा मेलेला.

माझ्याच नशिबाला सगळे डावे मेलेले येतात.

११ फेब्रु., बुध
शिफ्ट सुटल्यावर परत पनवेल. दुकानदाराशी वाजलं. त्यानं तो स्वतःच्या कानात घातला, दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं, म्हणाला, दोन्ही सारखे आहेत. मी म्हटलं तुमी म्हातारे, तुमाला काय ऐकू येणार. दुकानातली माणसं बघायला लागली. शेवटी त्यानं दुसरा डबा पुढं सरकवला. वर म्हणाला, "मुला, ओरडू नकोस, मी समोरच आहे."

ओरडत कुठं होतो.

दुसरा डबा बी तसलाच.

१४ फेब्रु., शनि
चांगली बातमी, पहिल्यांदाच ह्या वहीत.

रिकामे डबे उचलायची नवी मशीन येतेय. साहेब म्हणाले ऑपरेटर बाहेरून आणणार नाही, यार्डातलाच पोरगा घेणार. दीड वर्ष रविवारचा जुन्या ऑपरेटरच्या शेजारी बसून शिकलोय ते ह्याच्यासाठीच. त्यानं माझं नाव दिलंय. काचेची केबिन, एसी, हातोडा नाही, नाकात काळं नाही.

महिन्याभरात मेडिकल. डोळे, बीपी, कान. केबिनमध्ये वॉकीटॉकीवर खालच्या माणसाचं ऐकावं लागतं ना, म्हणून कान.

दत्ताला सांगितलं. म्हणाला, वर गेलास की आमच्यावर डबा टाकू नको.

१८ फेब्रु., बुध
इयरफोनमध्ये बारीक कुईं येतंय. मोबाईलचा दोष असणार. नेटवर लिहिलंय, मोबाईल आणि वायरीच्या मधे छोटा डोंगल लावला की जातंय. मागवला.

१९ फेब्रु., गुरु
डोंगल आला. कुईं तसंच. एक स्टार.

झोपायच्या आधी इयरफोन काढून ठेवला. कुईं चालूच.

पंखा असेल.

२० फेब्रु., शुक्र
मालकीणकाकी दारात येऊन कोकलली. इथलीच, आगरी, तिच्या भाताच्या जमिनीवर आता डबे उभे आहेत. "आरं पानी येऊन गेला. कवाशी हाका मारतंय. कानान काय कोंबलंस?" कानात काही नव्हतं. दोन दिवस बिनपाण्याचे. संडास असा की नाव काढवत नाही.

२२ फेब्रु., रवि
आईचा फोन. म्हणाली, "हळू बोल की रं. मी काय बहिरी हाय व्हय?"

फोन मी नेहमी उजव्या कानालाच लावतो. हे आज ध्यानात आलं. कधीपासनं, ते आठवत नाही.

२५ फेब्रु., बुध
आज यार्डात सेफ्टीचा कार्यक्रम. सतरंजी, माईक, वडापाव गार. भाषणं. आणि बक्षीस कोणाला, तर मला.

सेफ्टीवाल्या साहेबांनी स्टोअरची वही काढली, म्हणाले सगळ्या यार्डात कानाची काळजी घेणारा एकच पोरगा, ह्याच्याकडून शिका. शाल नाही पण चहाचा मग दिला, पांढरा, त्याच्यावर पिवळा कान काढलेला. माझा फोटो काढला, गेटजवळच्या बोर्डावर लावणार. टाळ्या. मागून वेल्डरांची लाईन खोकत होती. सगळ्यांना माहीत आहे बोळे कुठं जातात. दत्ताला ठसका लागला, त्याला बाहेर न्यावं लागलं.

मी तो मग घेतला. हात जोडले बी. स्वतःची किळस आली, पण हसलो.

२७ फेब्रु., शुक्र
सर्वेवाल्यानं एका डब्यात पुट्टीचा पॅच काढला. मी सकाळी तोच पत्रा ठोकून ओके दिलेला. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर पुट्टीचं ढेपळ पडलं. म्हणाला, तुज्याकडनं कसं सुटलं. चिडला असता तर बरं झालं असतं. नवल वाटल्यागत बघत होता.

मी म्हटलं शेजारी ग्राइंडर चालू होता. ग्राइंडर बंद होता. दत्ता चहाला गेलेला.

१ मार्च, रवि
नीट लिहितो.

दुपारी चांदीचा लावून बसलेलो. दत्ताला म्हटलं, बघ, ह्याला म्हणतात फसवणूक, डावीकडं घुंगरूच नाही. त्यानं माझा डावा घेतला, शर्टाला पुसला (त्यानं, मळवाल्यानं, पुसला), कानात घातला.

"येतंय की."

म्हटलं थापा मारू नको.

"अरे, छुन छुन छुन. आता ढोलकी. हे बघ." मांडीवर बोटानं ठेका धरला. बरोबर जागेवर.

मी हिसकावून घेतला आणि माझ्या उजव्या कानात घातला. डावा बोंडा, उजवा कान.

घुंगरू आलं. इतकं स्वच्छ की प्रत्येक दाणा वेगळा.

मग उजवा बोंडा डाव्या कानात. गोणपाट.

मग काळ्याच्या आधीचा, पारदर्शक, तो परत द्यायचा राहिलेला, तो काढला. तसंच. मग दत्ताचा, मळासकट. मळ डोळ्यांनी बघत घातला. उजव्या कानात फुकटच्या सेटमध्ये बी घुंगरू येतंय.

दत्तानं उठून चहा टाकला. त्या मगात दिला, वर कान काढलेल्या.

२ मार्च, सोम
काही नाही.

४ मार्च, बुध
पुडकं ओतलं. एकवीस जोड्या. सगळ्यांना भोक. एक बी धड नाही.

सकाळी स्टोअरमध्ये गेलो, जोडी मागितली. स्टोअरवाला म्हणाला, तुजा फोटो लागलाय तरी पुरे होत नाही काय. हसत दिली. पहिल्यांदा कानात घातली. कुईं एकदम मोठं झालं, डोक्याच्या मधोमध, उकळत्या किटलीसारखं. दहा मिनिटांत काढली. पत्रा ऐकू येईना, आणि जे येत होतं ते ऐकवेना.

दुपारी परत घातली.

काळ्याचा रिव्ह्यू उघडला. सत्तावीस जणांनी 'उपयोगी' दाबलंय. त्या पनवेलच्या म्हाताऱ्याचं तोंड डोळ्यांसमोर येतंय. रिव्ह्यू काढला नाही. काढू का.

६ मार्च, शुक्र
सोमवारी मेडिकलची गाडी येणार. दत्तानं चौकशी करून ठेवलीय, त्याच्या भावाची झालेली. काचेच्या पलीकडं मॅडम बसते, आवाज सोडायला बटण दाबते, आपल्याला आवाज आला की आपण आपलं दाबायचं. "तू तिच्या हाताकडं बघ. खांदा हलला की दाब. माझा भाऊ पास."

मी म्हटलं, आणि केबिनमध्ये? खाली तू उभा असशील, डावीकडं, आणि वॉकीवर थांब म्हणशील.

तो म्हणाला, मी जोरात म्हणेन.

हसलो दोघं. मग कोणी हसलं नाही.

दुसरी भीती वेगळीच. नापास झालो तर साहेब स्टोअरची वही काढणार. एवढे बोळे वापरणाऱ्याचा कान गेला कसा. काय सांगू? गाणी ऐकायला भोकं पाडली म्हणून? बोर्डावर फोटो आहे माझा. दात काढलेला.

८ मार्च, रवि
मशीनवर गेलो नाही. ऑपरेटरनं दोनदा फोन केला. पोट बिघडलंय म्हटलं.

गाणं उजव्या कानानं एकदा ऐकलं. चांगलं आहे. आईची आवड चांगली आहे. सगळे इयरफोन चांगले आहेत, तेच तर ओकारी यायचं कारण. चांदीचा तर फारच. ढोलकीच्या मागं कोणीतरी श्वास घेतो, ते बी येतंय. चार महिने मी चांगल्या मालाला शिव्या घालत होतो.

९ मार्च, सोम
गाडी गेटजवळ, बरोबर माझ्या फोटोखाली.

आत छोटी खोली, भिंतींना फोम. दार लावलं आणि यार्ड गेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. हेडफोन मोठे, मऊ, लाल उजवा, निळा डावा. असले मी आजवर डोक्यावर घातले नव्हते. आणि त्यात गाणं नाही.

उजवा पटापट. बारीकातला बारीक आवाज, मुंगी चालल्यागत, तो बी आला. मॅडमनं मान हलवली.

म्हणाली, आता डावा.

पहिले जाड आवाज आले. दाबलं. मग बारीक व्हायला लागले. मग कुईं, माझं घरचं. काचेतून मॅडमचा खांदा दिसत होता. हलला. मी दाबलं नाही. परत हलला. मग मी डोळेच मिटले.

मिटून बी दाबत होतो, मधून मधून. आवाज आला म्हणून दाबलं का कुईंवर दाबलं, ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर विचारलं, कसा आहे? मॅडम म्हणाली रिपोर्ट गुरुवारी साहेबांकडं. मग थांबून म्हणाली, कामावर कानात काय घालता? मी खिशातून जोडी काढून दाखवली. आजची, बिनभोकाची. तिनं ती बघितली, माझ्याकडं बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं.

साहेब बाहेरच उभे होते. त्यांना सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, वा, आपला सेफ्टीचा हिरो, आणि पुढच्याला आत ढकलला. राहून गेलं. की मीच राहू दिलं, माहीत नाही.

दुपारी बोळे घालून डब्यात उतरलो. पत्रा ठोकला. मुका. परत ठोकला. मग हातोडा खाली ठेवला, डावा खांदा काढून घेतला आणि तळवा टेकवून दुसऱ्या हातानं हळू ठोकत गेलो. एका जागी तळव्याला वेगळं लागलं. जरासं मेल्यागत. तिथं खडूनं गोल काढला.

बरोबर का चूक, ते उद्या सर्वेवाला स्क्रू ड्रायव्हर खुपसेल तेव्हा.