मी हाय न्हवं मध्ये

आप्पा,

त्या खेळाचा नवा भाग आला आहे. तुम्हाला आठवणार नाही, किंवा आठवत असूनही तुम्ही चष्मा पुसत बसाल, म्हणून आधीच सांगते. तोच खेळ, ज्यात गवतातून चालताना चित्रविचित्र प्राणी भेटतात, त्यांना पकडायचं, नावं द्यायची, लढवून मोठं करायचं. तुम्ही त्याला कोंडवाडा म्हणायचात. शाळेतून शिकवून घरी आलात की पायातल्या चपला काढता काढता विचारायचात, "भरला काय गं कोंडवाडा?" आणि मी मान वर न करता हुंकार द्यायची. आता मी अडतीस वर्षांची आहे, केसांना कलप लावते, आणि ऑफिसातून आल्यावर बेळगावात अनगोळच्या घरात सोफ्यावर पाय वर घेऊन पुन्हा तोच कोंडवाडा भरायला लागले होते. हसा. पण हसून झालं की पुढचं ऐका, कारण आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे.

तो पहिला खेळ काकांनी आणला होता. काका बोटीवर कामाला, दोन वर्षांनी घरी यायचे. त्या खेपेला त्यांनी सेलवर चालणारे, खिशात मावणारे दोन व्हिडिओ-खेळ आणले, घरात दोनच मुलं म्हणून. एक त्यांच्या मुलाला, चिकोडीला. एक मला, निपाणीला. मला सख्खा भाऊ नाही. काकांचा मुलगा माझ्याहून वर्षाने लहान, मला आक्का म्हणायचा आणि दर रविवारी सकाळच्या एसटीने एकटा यायचा, खिशात तो खेळ आणि हातात काकूने दिलेली शेंगाचटणीची पुडी. आईच्या स्वयंपाकघरात फरशीवर आम्ही समोरासमोर बसायचो. दोन्ही खेळ जोडायची वायर इतकी तोकडी होती की गुडघ्याला गुडघा लावूनच बसावं लागे. आई म्हणायची, "हळदीला बसल्यागत बसत्यात दोघं."

माझ्याकडे एक प्राणी होता. मातीच्या ढेकळासारखा गोल, दोन डोळे, दोन आखूड हात. मी त्याचं नाव गुंडू ठेवलं होतं. दिसायला काही नाही, पण मला मिळालेला तो पहिला, आणि माझं सगळं सैन्य हरलं तरी तो उभा राहायचा. या गुंडूची एक अट होती. कितीही लढवा, तो एका मर्यादेपुढे वाढायचाच नाही. त्याला दुसऱ्याच्या हवाली केलं, वायरीतून दुसऱ्याच्या खेळात पाठवलं, की तिथे पोचल्या पोचल्या तो मोठा व्हायचा, चार हातांचा पहाड. मग त्या दुसऱ्याने तो परत पाठवायचा. म्हणजे मोठं व्हायचं तर आधी कुणावर तरी विश्वास टाकायचा. मी दोन महिने टाकला नाही. शेवटी दहावीच्या आधीच्या सुट्टीत एका रविवारी मन घट्ट करून पाठवला.

तो तिकडे पोचला, मोठा झाला, आम्ही दोघं ओरडलो. आणि लगेच त्याच्या खेळाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. सेल संपले होते. दुकानं दुपारची बंद, त्याची चिकोडीची गाडी चारची. मी रडकुंडीला आले. तुम्ही दारात पाटावर बसून बशीतून चहा पीत होतात. मला अजून तुमच्या बनियनवरचा खडूचा डाग दिसतो. तुम्ही म्हणालात, "रडतीस कशाला गं? जातंय कुठं ते. पुढच्या रविवारी घिऊन येतोय त्यो."

"आणि न्हाय आणलं तर?"

"मी हाय न्हवं मध्ये," तुम्ही म्हणालात. "न्हाय आणलं तर मला धर."

आप्पा, मी नववी पास झालेली मुलगी, मला ते वाक्य पुरलं. निपाणीत तुमच्या शब्दावर लोक मुलींची लग्नं ठरवायचे. मी डोळे पुसले आणि त्याला स्टँडवर सोडायला गेले.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, पण खेळ आणला नव्हता. "हरवलं," म्हणाला. कुठे, तर माहीत नाही. माझ्याकडे बघत नव्हता, आईच्या डब्यांकडे बघत होता. मी त्याला चोर म्हणाले. खोटारडा म्हणाले. आई मध्ये पडली. मी तुमच्याकडे वळले, कारण तुम्ही मध्ये होतात ना, मला धर म्हणाला होतात ना. तुम्ही बशी उचललीत, चहावर फुंकर घातलीत. मग म्हणालात, "जाऊ दे आता. खेळच हाय. अभ्यासाला लाग." मी माझा खेळ माळ्यावर टाकला आणि अभ्यासाला लागले. रागाने माणूस किती अभ्यास करतो! शाळेत पहिली आले. तुम्ही बेळगावहून कुंदा आणलात, गल्लीभर वाटलात, आणि माझ्या तोंडात भला मोठा घास भरवत म्हणालात, "बघ, मन एका जागी असलं की कसं हुतंय."

त्या दिवाळीत मी त्याला भाऊबीजेला ओवाळलं नाही. काकूने निरोप धाडला, आई रडली, मी ऐकलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग तेच अंगवळणी पडलं. माझ्या लग्नात तो वाढपी मंडळींत उभा राहून जिलबी वाढत होता, भावाच्या जागी मामेभावाने कान पिळला. तुम्ही पाहत होतात. आणि अकरा वर्षांपूर्वी, तुम्ही बेळगावात दवाखान्यात होतात तेव्हा, खासबागेतल्या त्याच्या सासरवाडीहून तो रोज डबा घेऊन यायचा. मऊ भात, दुधीची भाजी. डबा ठेवायचा, तुमचे पाय चेपायचा, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसायची. एकवीस दिवस. तुमच्या खाटेच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी, मध्ये तुम्ही. शुद्धीवर होतात, आप्पा. पेपर वाचून घेत होतात माझ्याकडून. एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्याला अगदी भरपूर वेळ होता.

गेल्या श्रावणात काकू गेली. बाराव्याला चिकोडीला गेले, जाणं भाग होतं. पाहुणे पांगल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, त्यामुळे पुन्हा लहान दिसत होता. हातात प्लास्टिकची पिशवी, तिला रबर गुंडाळलेलं. "आईच्या ट्रंकेत हुतं," म्हणाला. "तुझं हाय." आत त्याचा तो जुना खेळ. मी म्हणाले, "म्हणजे हरवला नव्हता." तो म्हणाला, "न्हाय."

"मग?"

"आप्पाकाका आलते घरी, त्याच आठवड्यात. बुधवारी. म्हणाले, परत देऊ नगंस. तिचं दहावीचं वरीस हाय, ह्या खेळातनं मन निघू दे तिचं. हरवलं म्हण." मग म्हणाला, "शब्द घेतलता माझ्याकडनं, आक्का. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून."

"आणि ते गेल्यावर? अकरा वर्षं झाली रं."

"गेल्या माणसाला खोटं कसं पाडू?"

मी तिथेच ओट्यावर बसले. त्याने धावत जाऊन सेल आणले, खेळ चालू केला. पडदा उजळला, संगीत वाजलं, पण आत काही नव्हतं. त्या जुन्या खेळांच्या पोटात एक बारकी बॅटरी असते, ती मेली की आठवण पुसली जाते. नवा खेळ सुरू करा, एवढंच लिहून आलं. गुंडू केव्हाच गेला होता. मी रडले ती प्राण्यासाठी असं शेजारच्या बायकांना वाटलं नसेल, त्यांना वाटलं काकूसाठी.

दसऱ्याला तो अनगोळला आला तेव्हा हा नवा भाग घेऊन आला. एक त्याच्यासाठी, एक माझ्यासाठी. चाळिशीला टेकलेली दोन माणसं! माझी मुलगी हसून हसून लोळली. आता डोंगर, नद्या सगळं रंगीत, प्राणी गवतात दडून बसत नाहीत, आपले कळपाने समोरून चालत जातात. वायर लागत नाही. नवे प्राणी ढिगाने, पण मी तिसऱ्या दिवशी एका खाणीत तो ढेकळासारखा गोल प्राणी बघितला आणि माझा हात थांबला. पकडला. गुंडूच नाव ठेवलं. आणि आप्पा, तेवीस वर्षांत त्यांनी सगळं बदललं, ही एक अट तेवढी बदलली नाही. दुसऱ्याच्या हवाली केल्याशिवाय हा अजूनही वाढत नाही. मी दिवाळीपर्यंत तसाच ठेवला. भाऊबीजेला तो आला, मी ताट केलं, इतक्या वर्षांनी त्याच्या कपाळाला बोट लावलं, आणि ओवाळून झाल्यावर म्हणाले, "घे. पाठवते." सोफ्याच्या दोन टोकांना बसलो होतो. गुंडू गेला, मोठा झाला, आणि मी श्वास सोडायच्या आत परत आला. "बघ, आला न्हवं?" तो म्हणाला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

त्या अर्ध्या मिनिटापायी माझ्या बावीस भाऊबिजा गेल्या. खेळ काढून घ्यायचा होता तर घ्यायचात. दोन थोबाडीत द्यायच्यात, खेळ चुलीत घालायचात, मी आठवडाभर जेवले नसते आणि विसरले असते. तुम्ही तसं केलं नाहीत, कारण तुम्हाला वाईट व्हायचं नव्हतं. माझ्या भावाला वाईट केलंत. चौदा वर्षांचा होता तो. माझा राग तुमच्या दारावरून त्याच्या दारात नेऊन सोडलात आणि वर कुंदा वाटलात. मी तुम्हाला देवासारखं मानलं याची मला आता लाज वाटते. हे तोंडावर म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

एवढं लिहून थांबणार होते. पण थांबले तर तुमची मुलगी शोभेन.

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तो खेळ माझ्यापेक्षा तीच जास्त खेळते. तिने तिचा वेगळा कोंडवाडा उभा केला आहे, आणि मामा आला की दोघांची अदलाबदल तासभर चालते. जानेवारीत पूर्वपरीक्षेचे गुण आले. गणितात जेमतेम. त्याच रविवारी तो आला होता, आणि ती आंघोळीला गेल्यावर मी खेळ त्याच्या हातात दिला. म्हणाले, "घेऊन जा. बिघडलाय, दुरुस्तीला नेतो म्हणून सांग. मार्च संपेपर्यंत आणू नकोस." सगळं इतकं सहज तोंडातून आलं, जणू कुणी शिकवून ठेवलं होतं.

तो खेळाकडे बघत राहिला. मग हसला. "आक्का, परत मीच व्हय?"

मी म्हणाले, "मार्चपर्यंतच रं." त्याने खेळ पिशवीत टाकला.

आता फेब्रुवारी उलटत आला. त्याला फोन करून बोलावते, तिला समोर बसवून खरं काय ते सांगते, असं रोज ठरवते. आज संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "मामा खोटं बोलतो. दोनदा आज आणतो म्हणाला. तू मध्ये पड ना, आई." मी तव्यावरची भाकरी उलटली, आप्पा, आणि म्हणाले, "जाऊ दे आता. अभ्यासाला लाग."