झडती घेताना झालेला नमस्कार

नाशिक, १२ ऑगस्ट १९७८

तीर्थरूप मामांच्या सेवेशी गोरक्षाचा साष्टांग नमस्कार. (हल्ली मी तो फक्त पत्रातूनच करतो. कारण पुढे येईल.) इगतपुरीच्या पावसात मामींचा गुडघा कसा आहे? दुखत असेलच. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिणार होतो, पण तुम्ही पडलात मुख्याध्यापक, खोटं लगेच ओळखता.

मामा, रेल्वेत चिकट म्हणून तुम्ही किती सांगितलंत! मी ऐकलं नाही. तुरुंगात शिपाई लागलो, आणि आईने सटाण्याच्या बाजारात मला परस्पर जेलर करून टाकलं. (मीही तिला अडवलं नाही. सुट्टीत गावी गेलो तेव्हा तीन दिवस खाकी अंगातून काढली नाही, जेवतानासुद्धा टोपी डोक्यावर.) त्या मिजाशीची आता लाज वाटते. पण त्याहून मोठी लाज गेल्या सोमवारी पदरात पडली, ती सांगतो.

शिक्षा झालेले नवे कैदी आले की फाटकातच त्यांची झडती होते. हवालदारांनी शिकवल्याप्रमाणे खांद्यापासून सुरुवात करायची, मग काखा, कंबर, मांड्या, आणि शेवटी वाकून पायाचे घोटे चाचपायचे. तोंडाकडे बघायचं नाही. माझं न बघता उत्तम चाललं होतं. चौथ्या माणसाच्या पायांपाशी पोचलो आणि डाव्या अंगठ्याला नख नसलेले ते पाय दिसले. मामा, ते पाय मी रांगत होतो तेव्हापासून ओळखतो. आमचे माजी सरपंच देवरामअण्णा! (पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाचं डोकं फोडल्याची केस त्यांच्यावर चालू होती, हे ठाऊक होतं, निकाल लागल्याचं मला कुणी कळवलं नाही.) लहानपणी अण्णा दिसले की आई मागून मान दाबून मला वाकवायची. इथे मान दाबायला आई नव्हती, पण मी आधीच वाकलेला होतो. हात आपोआप त्यांच्या पायांवरून माझ्या कपाळाला लागले. अण्णांचाही हात सवयीने माझ्या टोपीवर आला, काहीतरी आशीर्वाद पुटपुटले, आणि मान वर करून पाहतो तो समोर साहेब उभे.

लेखी खुलासा मागवला. ओळखीचा कैदी असेल तर लगेच कळवायचं असा नियम आहे, आणि माझी नोकरी अजून कच्ची; पक्की व्हायला दोन महिने आहेत. घाबरून मी लिहून दिलं की, कपाळाचा घाम पुसला, सदर कैद्यास मी ओळखत नाही. मग साहेबांनी अण्णांना बोलावलं. मी भिंतीकडे बघत उभा. अण्णांना माझ्या कागदाबद्दल कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं, मामा. तरी शांतपणे म्हणाले, "मी ह्या सायबले वळखस नही. माले चक्कर उनी, म्हनीसन टोपीले हात लागना."

प्रकरण तिथेच मिटलं. हवालदारांनी मला खूश होऊन चहा पाजला.

बाकी ठीक. मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
गोरक्ष

ता. क. एक राहिलंच. भरतीच्या वेळी चारित्र्याचा दाखला मला अण्णांनीच दिला होता. "गोरक्ष यास मी जन्मापासून ओळखतो" हे त्यातलं पहिलंच वाक्य, खाली सही आणि ग्रामपंचायतीचा शिक्का. नोकरी पक्की करताना कारकून ती फाईल उघडणार. तेव्हा शाळेच्या कागदावर तुमचा दाखला ताबडतोब पाठवावा, म्हणजे काहीतरी सांगून जुना बदलून घेता येईल. (नातेवाइकाचा दाखला चालत नाही, म्हणून मामा असल्याचा उल्लेख कृपया टाळावा.)

ता. क. २. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. आज सकाळी रांगेत अण्णा मला "साहेब" म्हणाले. सगळ्यांसमोर, हात जोडून; मला सांभाळून घ्यायला. मी नुसती मान हलवली आणि पुढच्या कैद्याकडे गेलो. मामा, दाखल्यात "वर्तणूक चांगली" असं लिहायच्या आधी एवढं वाचा, आणि मग तुम्हाला वाटेल ते लिहा.