वंशाचा रकाना

रविवार, ९ मार्च

चि. कासव हिला दादाचे आशीर्वाद.

आम्ही ठीक. वहिनीची पाठ अजून दुखतेच. कारखान्यात यंदाच्या संघाच्या जर्सी शिवायला आल्यात. दिवसभर छातीवर झेंडे लावतोय. यादीत तुझं माप नव्हतं.

तुझ्या प्रशिक्षक बाई परवा येऊन गेल्या. म्हणाल्या, "बूट घालते, कडेला बसते आणि वसतिगृहावर परत जाते. तुम्ही तरी समजवा तिला." मी मशीनवरून मान वर केली नाही.

तू शर्यत जिंकलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'आपल्या देशाची धावपटू'. तेवढ्यावर बातमी पुरी होत होती. पण खाली त्यांनी आपलं जुनं गाव छापलं आणि आपली जमातही. तिकडे, जुन्या देशात, बाबांनी जमातीचं ते नाव चाळीस वर्षं लपवलं होतं. लहानपणी आपली बोली अंगणात बोललो तरी मार बसायचा, आठवतं ना? बातमी तिकडे पोचली, आठ दिवसांत तिथल्या सरकारची माणसं आली आणि बाबांना घेऊन गेली.

मुलाखतीत तुझ्या तोंडून निसटलं, असं तू धरून बसलीयस. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू दोनच वाक्यं बोललीस, दोन्ही बुटांबद्दल.

इथल्या खेळाडू संघटनेचा तुझा फॉर्म मी भरला होता. तुला तेव्हा इथली भाषा वाचता येत नव्हती. नागरिकत्व इथलं, जन्म तिकडचा, इथवर ठीक होतं. पुढे वंशाचा रकाना होता. भरलाच पाहिजे असं नव्हतं. मला वाटलं, इथे कसली भीती, एकदा तरी आपल्या जमातीचं नाव उजळ माथ्याने लिहू. ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि तुला न सांगता सही घेतली. बातमीदाराने तिथूनच उचललं.

सात महिने तू मनाला लावून घेत होतीस आणि मी गप्प होतो. मी भित्रा आहे, कासवा. समोर बसून हे सांगणं मला जमलं नसतं, म्हणून पत्र.

आणखी एक. काल तिकडून आत्याचं टपाल आलं. त्यात बाबांचा चष्मा होता. कोणीतरी तिच्या दारात ठेवून गेलं आणि वाट बघू नका म्हणालं. बाबा गेले.

माझं तोंड बघू नकोस, चालेल. पण धाव. तुझ्या मापाची जर्सी मी शिवून बाईंकडे दिलीय. यापुढे फॉर्म आला तर तूच भर.

तुझा, अजून म्हणू देशील तर,
दादा