नातवाच्या अटीवरचं घर

पाळण्याचा खर्च आधी लिहितो, कारण बाकीचं सारं त्यातून निघालं. सागवान चार हजार दोनशे, सुताराची मजुरी अठराशे, पितळी कड्या सहाशे, अकोल्याहून अमरावतीला नेणारा टेम्पो घरचाच. सहा हजार सहाशेत पाळणा पडला असं मी चारचौघांत सांगत होतो. खरा हिशोब असा की, मुलाच्या, धम्मदीपच्या फ्लॅटमध्ये तो टांगल्यावर सूनबाई माधवी चौदा महिने आमच्या घरी मुक्कामाला आली नाही, आणि माझी बायको मनकर्णा सव्वा महिना माझ्याशी "जेवून घ्या" याच्यापुढे बोलली नाही.

तर मी, मोतीराम तुळशीराम तेलगोटे, वय वर्षे ६९, धंदा बिछायत केंद्र, राहणार अकोला, आज पूर्ण शुद्धीत, बीपीची गोळी घेऊन, कोणी हात धरून लिहायला लावलेलं नसताना हे दुसरं आणि शेवटचं मृत्युपत्र लिहून ठेवतो. खाली जे वाटतो ते स्वकष्टार्जित आहे. बाप सालदार होता. त्याच्याकडून मला मोठा आवाज आणि तिखट कान एवढीच इस्टेट आली. दोन सतरंज्या आणि एका गॅसबत्तीवर मी धंदा सुरू केला. आज चारशे खुर्च्या, दोन मांडव आणि एक टेम्पो आहे.

कलम १. दिनांक २० ऑगस्ट २०२२ चं माझं पहिलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात अशी अट होती की, धम्मदीप आणि माधवी यांना लग्नापासून सहा वर्षांच्या आत, म्हणजे २२ नोव्हेंबर २०२६ पर्यंत अपत्य झालं तर अकोल्याचं घर त्यांचं. नाही झालं तर ते माझ्या मुलीच्या, पायलच्या मुलीचं. या कागदाचा सुगावा मी घरात कोणालाही लागू दिला नाही. दोन भिंतींपलीकडचं कुजबुजलेलं मला ऐकू येते, पण माझ्या पोटातलं आजवर कोणाच्या कानाला लागलेलं नाही.

वकिलाने तेव्हाच विचारलं होतं की, मोतीरामजी, ज्याला सांगायचंच नाही त्याला अट कशाला. मी म्हटलं, वेळेवर सांगू. आमच्या धंद्यात आधी मांडव पडतो, मग पाहुणे येतात. लेकराचंही तसंच असेल असं मला वाटलं. पाळणा टांगला, घराला अट बांधली, आता लेकरू येतेच.

मला अक्कल नव्हती असं नाही. एकेचाळीस वर्षं मी लोकांच्या बारशाला सतरंज्या अंथरल्या. पूर्वी एकाच वस्तीत आठवड्याला दोन बारशी असायची, आता महिन्याला एखादं. ते एक मात्र हॉलमध्ये, फुग्यांच्या कमानीसह. फेब्रुवारी-मार्चात तर बारशाचा मांडव गोदामातच पडून राहते. नऊ महिने मागे मोजले की मे महिना लागते. पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत, टीनाच्या एका खोलीत, सासू-सासरे पायथ्याशी झोपलेले असताना कोण कोणाकडे पाहते? हे मी गमतीने सांगायचो आणि लोक हसायचे. माझ्याच घरावर वरची खोली टीनाची आहे आणि मुलगा-सून आले की तिथेच झोपतात, हे हसताना ध्यानात यायचं नाही.

आमच्या वस्तीतल्या निवृत्त आरोग्यसेविका शकुनबाई डोंगरे यांनी तीस वर्षं गावोगावच्या जन्मांच्या नोंदी ठेवल्या. मी एकदा त्यांच्यापुढे कुरकुरलो की, माझ्या मायला नऊ झाली, मला दोन, पायलला एक, आता धम्मदीपवर गाडी थांबते की काय. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मायची नवातली वाचली किती? चार. एखादं मरन म्हणून दुसरं, अशी ती लेकरं होती. आता लेकरं वाचते, पोरी शिकते, मंग कोन काढते नऊ?" मी मान हलवली आणि घरी येऊन पाळण्याची ऑर्डर दिली. म्हणून म्हणतो, ऐकू येणं आणि ऐकणं यांत फरक आहे.

कलम २. अकोल्याचं घर माझ्या पश्चात मनकर्णाचं, ती हयात असेपर्यंत. तिच्यामागे धम्मदीप आणि माधवी या दोघांचं, सारख्या हिश्शाने, माधवीचं नाव आधी. लेकरू असो, नसो, होवो, न होवो. या कलमाचा दुसरा अर्थ कोणी काढू नये.

वरच्या खोलीचं टीन काढून स्लॅब टाकण्याचं काम मी याच आठवड्यात लावतो आहे. मी मध्येच गेलो तर माझ्या तेराव्या-चौदाव्याचा विचार न करता आधी स्लॅब पुरा करावा. तसंही आपण तेरावं करत नाही. खोलीला आतून कडी बसवावी. धम्मदीपच्या लग्नाच्या वेळी ती कडी तुटलेली होती आणि मी साडेपाच वर्षं म्हणत आलो की, घरच्याच माणसात कडी कशाला.

कलम ३. टेम्पो, मांडव आणि खुर्च्या देवानंदला. तो सव्वीस वर्षं माझ्यासोबत खांब रोवतो आहे. त्याला साक्षीदार करायचं होतं, पण वकील म्हणाले की ज्याला द्यायचं त्याची सही नको. यातल्या तीन खुर्च्या मात्र शेजारी खुशालराव यांना. त्या २००९ पासून त्यांच्याच अंगणात आहेत, फक्त आता कायदेशीर होतील. प्रत्येक कार्यक्रमात माधवीला भर पंगतीत "काय मग, पेढे केव्हा?" असं विचारणारे ते हेच. त्या वेळी मी शेजारी बसून हसायचो. त्यामुळे मला त्यांच्यावर खटला भरता येत नाही, खुर्च्याच देता येतात.

कलम ४. पूर्णाकाठची दोन एकर जमीन पायलला. ही जमीन खारपाणपट्ट्यातली आहे. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की जीभ चिकटते. माझी माय पोटुशी असताना गोड्या पाण्यासाठी दीड कोस जायची. एक लेकरू तिने त्या वाटेवर गमावलं. ती ते दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तसं सांगायची. पायलला मी एकदा म्हटलं होतं की, बाई, एकीला एक जोड पाहिजे. ती म्हणाली, "बाबा, पुण्यात एकीची शाळेची फी भरून राहिलो आमी. दुसरीची तुमी भरता का?" मी विषय बदलला. जमिनीवर तिने काय करावं हे मी सांगत नाही.

कलम ५. हे कलम लिहिताना पेन तीनदा खाली ठेवला.

धम्मदीप अमरावतीला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. वर्षातले तीन महिने काम नाही, म्हणजे पगार नाही. पक्की नोकरी लागू दे, मग लग्न, असं करता करता तो चौतिसाव्या वर्षी बोहल्यावर चढला. माधवी खासगी दवाखान्यात नर्स आहे, दर आठवड्याला ड्युटीची पाळी बदलते. हे दोघं एका छताखाली जागे असतील असे तास मी कधी मोजले नाहीत. पाळणा मात्र मोजून घेतला.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे होतो. मी हॉलमध्ये पेपर धरून बसलो होतो. आतमध्ये माधवी मनकर्णाला म्हणाली, "आई, तिसरा लागला. पन बाबाले इतक्यात सांगू नका. ते मांडव टाकतीन."

मला हसू आलं. ते हसू पुरं व्हायच्या आत मनकर्णाचा आवाज आला. "नाही सांगत. पन मांगच्या खेपेस सांगतलं असतं तं त्यायनं तुले उन्हात उभी केली नसती."

मागची खेप म्हणजे मे २०२४, बुद्धपौर्णिमा. आमच्या मूळ गावात माझ्या खर्चाने खीरदान होतं. मीच फोन करून माधवीला बोलावलं होतं की, घरच्या सुनेच्या हाताने वाटप झालं पाहिजे. वर पत्र्याचा मांडव, माझाच. दुपारी बारा ते पाच ती पातेल्यापाशी उभी होती. दोनदा म्हणाली की, बाबा, जरा बसते. मी म्हटलं, रांग संपू दे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बसने अमरावतीला गेली आणि मी चार लोकांत बोललो की, आजकालच्या सुनांचा गावात एक दिवस निघत नाही. ती गेली होती ती दवाखान्यात. मनकर्णाला दीड वर्षाने कळलं. मला गेल्या महिन्यात, पेपराआडून.

ते ऊन होतं, उभं राहणं होतं, की आणखी काही, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत म्हणे. मी स्वतःला त्यातून सोडवत नाही.

आता परत मे तोंडावर आहे. सारं नीट झालं तर ऑक्टोबरच्या शेवटी. म्हणजे जुन्या कागदाच्या मुदतीच्या तीन आठवडे आधी. हे मोजल्यापासून मला झोप नाही. मी मध्येच मेलो आणि तो कागद निघाला, तर त्या लेकराला जन्मभर कोणीतरी म्हणेल की तू घरासाठी झालास. आणि पुन्हा तसंच काही झालं, तर माधवीचं लेकरू जाईल आणि वर घर जाईल. दोन्हीकडून मीच उभा दिसतो. मला माहीत आहे हेही मला तिला सांगता येत नाही, कारण तिने सांगू नका म्हटलं आहे. रोज फोनवर मी फक्त विचारतो की कूलर चालू आहे का. ती हो म्हणते. मी परत विचारतो.

म्हणून माझ्या बँकेतल्या मुदतठेवी, एकूण चार लाख वीस हजार, एकट्या माधवीला. उपचाराला लावो, शिक्षणाला लावो, कूलरच्या जागी एसी लावो. धम्मदीपने, मनकर्णाने किंवा कोणत्याही पाहुण्याने त्याचा हिशोब विचारू नये. या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला खीर देवानंद वाटेल. माधवीला बोलावणं नाही, हे मी आजच कळवलं आहे. तिने कारण विचारलं नाही.

कलम ६. पाळणा. माधवीने त्यात धुतलेले कपडे ठेवलेले मी पाहिले आहेत. तेच चालू द्यावं, किंवा काढून टाकावा, किंवा विकावा. रिकामा पाळणा टांगू नये असं मनकर्णा मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी तिला जुन्या विचारांची म्हटलं होतं. ते शब्द परत घेतो.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पायलने पाहावी. जुन्या मृत्युपत्राच्या प्रती गोळा करून माझ्यासमोर फाडल्या जातील. मूळ कागद माझ्या कपाटातून काढला, दुसरी प्रत वकिलांनी परत दिली.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

मोतीराम तुळशीराम तेलगोटे (सही)

साक्षीदार: १. शकुन पुंडलिक डोंगरे, निवृत्त आरोग्यसेविका, अकोला (सही)
२. वामनराव नारायणराव देशमुख, निवृत्त तलाठी, अकोला (सही)

ठिकाण: अकोला. दिनांक: १९ एप्रिल २०२६.

सह्यांनंतर साक्षीदारांसमोर केलेली नोंद: आज धम्मदीप आणि माधवी अमरावतीहून आले होते. आम्ही जुने कागद फाडत असताना माधवीने पर्समधून घडी केलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हे बी फाडा." ती पहिल्या मृत्युपत्राची तिसरी प्रत होती, झेरॉक्स. धम्मदीपच्या जात वैधतेचे कागद आणि हा, मी ऑगस्ट २०२२ मध्येच एकाच दुकानात, एकाच फेरीत झेरॉक्स करून घेतले होते. गठ्ठा न पाहता मीच तिच्या हातात दिला होता. कागदाच्या मागे तिच्या अक्षरात तारीख आहे: ३ सप्टेंबर २०२२.