स्ट्रेचरवरच्या कुरडया

३ एप्रिल, शुक्रवार
पालमहून एसटीनं झरीला आले, आता इथंच ऱ्हायचं. लेक भुजंग मिल्ट्रीच्या लिलावातल्या जुन्या गाड्या आणून दुरुस्त करतो. म्होरं शेड, मागं घर. नातीनं, भक्तीनं, वही दिली. रोज लिही म्हणली, मी तपासणार. सात वर्साची, दोन वेण्यांची मास्तरीण! अंगणात हिरवी गाडी हाय, जखमी शिपाई न्यायची. आत कापडाची चार स्ट्रेचरं. मी म्हणलं, वाळवणाला लय बेस. मिस्त्री बन्सीधर म्हणला, मावशी, ह्याच्यावर माणसं मेलीत. मी म्हणलं, कुरडया थोड्याच मरतेत? आन् पालमच्या शेजारणीनं, कुसुमबाईनं, माझा नेलेला सोऱ्या अजून दिला न्हाई, ते बी लिहून ठेवते. नवा आणावा लागला.

४ एप्रिल
सुनेनं आधीच भिजवून ठेवलेल्या गव्हाचा चीक शिजवला. एका स्ट्रेचरवर धोतर अंथरून बत्तीस कुरडया घातल्या, चांदण्यावानी. निम्मा चीक भक्तीनंच खाल्ला. दुपारी बघते तर सगळ्या चेंगरलेल्या! कोणी झोपल्यागत डोकं, खांदे, पाय. डावा पाय वाकडा. असा पाय बन्सीधरचाच. लय बोलले त्याला. तो आईची शपथ घेतो, गाडीखालून निघालोच न्हाई म्हणतो. लबाड.

६ एप्रिल
बन्सीधर गेला. भरदुपारी जॅक सरकला, गाडी छातीवर. गडबडीत त्याच स्ट्रेचरवर ठेवला, कुरडयांसकट. डोकं डोक्याच्या जागी बसलं, वाकडा पाय वाकड्या जागी. बोटभर फरक न्हाई. आन् मी त्याला लबाड म्हणलं.

९ एप्रिल
दुसरं स्ट्रेचर हिरव्या गाडीमागं उन्हात पडलंय. त्याच्यावर मी काहीच घातलं न्हाई. धुळीत ठसा हाय. ल्हानसा. दोन वेण्या.
पुसला. चहा उकळंस्तवर परत उमटला.

१० एप्रिल
राकेल ओतलं, कापड जळंना. उचलाय गेले, हलंना. भुजंगाला म्हणलं, भक्तीला मामाकडं वालूरला धाड. म्हणला, माय, ऊन लागलंय तुला, आन् तिची परीक्षा हाय. सून तोंडाला पदर लावून हसली.
ठसा खोल झालाय.

११ एप्रिल
मीच झोपले त्याच्यावर. माणूसच पाहिजे ना? मला घे. पिकलेली हाय मी. तिला सोड. सकाळधरनं पडलेय, वही पोटावर. काहीच होईना —

भक्ती आली हुडकत. म्हणली, आजी, लपलीस व्हय, सरक. जा म्हणलं. रट्टा दिला. तिला खेळच वाटला. कुशीत शिरली —

मी इथं नसते तर ती आलीच नसती —

स्ट्रेचरचा पट्टा ओढला तिनं दोघींवरून. खटकन. बक्कल निघंना —

गाडी मागं यायली. आत कोणी न्हाई. भुजंगाला हाका मारायले, शेडात घण चाललाय, ऐकू जाईना —

भक्ती अजून हसायली. मला ढकलून ठशात नीट झोपली, दोन्ही वेण्या बरोबर —

पाय काढ पोरी, पाय का