नऊशेंचा गठ्ठा

प्रिय ठमे,

कुलगुरूंना केलेल्या तक्रारीची प्रत तू मला शाबासकीसाठी धाडलीस. वाचली. शुद्धलेखन उत्तम, बाकी सगळं चूक. प्रबंधाला लागणारे बारा वर्षांचे अंक ग्रंथालयाच्या संगणकावरून गायब झाले, म्हणून नियतकालिकांच्या टेबलावरच्या बाईचं नाव घालून तू मोकळी झालीस. तिला आम्ही मुंगी म्हणायचो. सोमवारपर्यंत तिच्याकडून लेखी खुलासा मागवलाय, नोकरीवर गदा आहे, आणि निवृत्तीला उरलंय दीड वर्ष. समोर दिसली म्हणून तिच्यावर तोंडसुख घेतलंस? अगदी आईवर गेली आहेस.

त्या ग्रंथालयाची मी नऊ वर्षं प्रमुख होते, तेव्हा ऐक. छापील अंक आपण विकत घ्यायचो, बांधून कपाटात ठेवायचो; ते आपले असायचे. संगणकावरचे अंक आपण घेतच नाही, वर्षभर वाचायची परवानगी घेतो. त्यातही प्रकाशक कंपनी सुटी नियतकालिकं देत नाही. आम्हाला हवी होती चाळीस, गळ्यात मारला नऊशेंचा गठ्ठा. भाव दरवर्षी वाढणार. त्यात आधी पुस्तकांची तरतूद गेली, मग विभागांची, मग तुमच्या फीमधला ग्रंथालयाचा वाटा. लेख लिहिणारे आपले प्राध्यापक, तपासणारेही आपलेच, तेही फुकट. आणि वाचायचे पैसे पुन्हा आपणच भरायचे! समितीत मी हे बोलले की तुझे गाइड घड्याळ बघायचे. म्हणायचे, बाई, भाषण पुरे, करार उरका. यंदा पैसे पुरले नाहीत, गठ्ठा बंद झाला. मुंगीनं काय कंपनीपुढे पदर पसरायचा होता?

तुझं एकच वाक्य मला झोंबलं: ज्या वर्षांचे पैसे भरले, ते जुने अंक तरी मिळायला नकोत का? मिळायला हवेत. पण करारातच सातव्या पानावर लिहिलं होतं की करार संपला की सगळंच बंद. मुंगीनं त्या ओळीपुढे पेन्सिलीनं खूण करून आणली होती. मॅडम, एवढं बदलून मागू या, म्हणाली. वर्षअखेर होती, मला घाई होती. अक्कल पाजळू नकोस म्हणून मी तिला गप्प केलं, कागद स्वच्छ हवा म्हणून ती खूण खोडरबरानं पुसली आणि सही ठोकली. पुढच्याच महिन्यात, जागा हवी म्हणून, त्याच नियतकालिकांचे छापील खंड रद्दीत काढले. तेही मीच. मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुंगी आजही माझं नाव घेत नाही, याचा तर मला सगळ्यात जास्त संताप येतो. सोमवारी मी स्वतः जाऊन लेखी देणार आहे. तू तक्रार मागे घेऊ नकोस. तिचं नाव खोड आणि माझं घाल. पूर्ण नाव. आणि मी तुझी कोण लागते, तेही लिही.

तुझीच,
मावशी